जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताय? चार्जरचं बिल बघा

गाडी अजून किती किलोमीटर जाईल, हे सांगणाऱ्या डॅशबोर्डवरच्या आकड्यावर बॅटरी जोखू नका. आधी गाडी कशी चालवली, त्यावरून तो आकडा हलतो. त्यापेक्षा विकणाऱ्याला घेऊन डीसी फास्ट चार्जरवर (झटपट चार्ज करणाऱ्या सार्वजनिक चार्जरवर) जा आणि २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करा, गाडीतलं एअर कंडिशनर बंद ठेवून.

समजा, जुनी नेक्सॉन ईव्ही आहे, ३०.२ युनिट वीज मावणाऱ्या बॅटरीची. ६० टक्के भरायला साधारण १८ युनिट लागायला हवीत. बिलावर १५ च आली, तर बॅटरीत जेमतेम २५ युनिट मावतात, म्हणजे क्षमता ८३ टक्क्यांच्या आसपास. टक्केवारी दाखवणारा काटा थोडा इकडेतिकडे होतो, थोडी वीज बॅटरी थंड ठेवण्यातही जाते, त्यामुळे हा अंदाजच आहे. पण मोठी घट लपत नाही. विकणारा यालाही तयार नसेल, तर मी तरी ती गाडी घेणार नाही.

सौदा पटण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीचा एसओएच रिपोर्ट, म्हणजे नव्याच्या तुलनेत तिची क्षमता किती टक्के उरली याचा अहवाल, मागवा. वॉरंटी किती उरली आणि ती दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे तिथेच लेखी घ्या.