स्पेनमधली खोक्यातली स्वस्त वाइन: या चुका टाळा

स्पेनच्या कुठल्याही सुपरमार्केटात जा, मेर्कादोना, कारफूर, लिडल, दिया, कुठंही. डोळ्यांसमोरच्या फळीवर बाटल्या असतात आणि खोकी सगळ्यात खाली, वाकल्याशिवाय दिसणार नाहीत अशी. एक लिटरचं कागदी खोकं साधारण एक ते दीड युरोत मिळतं. हा भाव बघून आपल्याकडच्या माणसाचं भान सुटतं. ट्रॉलीत धडाधड चार-पाच खोकी पडतात, घरी नेऊन सगळी एकदम फोडली जातात, आणि तिसऱ्या दिवशी निकाल लागतो की “खोक्यातली वाइन बेकारच असते.” बेकार वाइन असते तशी चांगलीही असते. पण निम्म्या तक्रारी वाइनच्या नसतात, घेणाऱ्याच्या घाईच्या असतात.

ब्रिक आणि बॅग-इन-बॉक्स एकच समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिला जास्त जागा देतो.

ब्रिक म्हणजे दुधाचा असतो तसलाच टेट्रा पॅक, बहुतेक एक लिटरचा. ‘दोन सिमोन’ (Don Simón) हे नाव सगळीकडे दिसतं ते याच प्रकारात. मुर्सिया प्रांतातल्या खुमियाच्या गार्सिया कार्रियोन कंपनीचं ते उत्पादन. बॅग-इन-बॉक्स वेगळा. पुठ्ठ्याच्या आत पातळ थरांची पिशवी, तिला तोटी, माप ३ किंवा ५ लिटर, कधी १५ लिटरसुद्धा. ऑस्ट्रेलियातल्या थॉमस अँगोव्ह यांनी १९६५ साली पिशवीतल्या वाइनचं पेटंट घेतलं तेव्हा तोटीसुद्धा नव्हती, कोपरा कापायचा आणि चिमट्याने बंद करायचा. तोटी नंतर आली आणि खरा फरक पडला.

फरक असा: पिशवीतून वाइन बाहेर पडते तशी पिशवी आक्रसते. आत हवा शिरत नाही, म्हणून फोडलेला बॉक्स फ्रिजमध्ये चार ते सहा आठवडे सहज टिकतो. ब्रिक आक्रसत नाही. एक पेला ओतला की त्या पेल्याएवढी हवा आत जाते आणि झाकण कितीही घट्ट लावलं तरी ती आतच राहते. म्हणजे ब्रिकचं आयुष्य उघड्या बाटलीइतकंच: फ्रिजमध्ये तीन, फार तर चार दिवस.

आता नेहमी घडतं ते बघा. बार्सिलोनात भाड्याचा फ्लॅट, चार मित्र, आठवड्याचा मुक्काम. पहिल्याच संध्याकाळी तीन ब्रिक येतात: तांबडी, पांढरी, गुलाबी. “चव तर बघू” म्हणून तिन्ही फुटतात. प्रत्येकातून दोन-दोन पेले जातात आणि उरलेलं ओट्यावर, कारण फ्रिजमध्ये बियर असते. बाहेर ऑगस्टचे ३३ अंश. दुसऱ्या रात्री पांढरीला कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येतो, रंग पिवळसर होतो. तिसऱ्या दिवशी तांबडी जिभेला टोचते. चौथ्या दिवशी तिन्ही सिंकमध्ये आणि शिव्या स्पेनला. त्याच पैशात थोडी भर घालून ३ लिटरचा बॉक्स घेतला असता तर आठवडाभर रोज ताजा पेला मिळाला असता.

माझा हिशोब सोपा आहे. दोन माणसं आणि एक संध्याकाळ असेल तर एक ब्रिक. चार माणसं किंवा तीन दिवसांहून जास्त मुक्काम असेल तर बॉक्स. ब्रिक एका वेळी एकच फोडायचं. उरलंच तर पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली धुवायची, काठोकाठ भरायची, वर हवा राहणार नाही अशी, आणि फ्रिजमध्ये टाकायची. दोन दिवस जास्त मिळतात. कुणी म्हणतं, झाकणाखाली फॉइल कोंबा, कुणी म्हणतं, ब्रिक दाबून हवा काढा. दाबलेलं ब्रिक हात काढला की परत फुगतं आणि हवा ओढून घेतं. असले जुगाड कशाला करायचे?

तोटीशी झटापट

बॉक्सची तोटी नीट काढायला एक मिनिट लागतं, पण तेवढाही धीर नसतो. पुठ्ठ्यावरची छिद्रांची गोल रेघ अंगठ्याने दाबायची, चकती पूर्ण काढायची. आत बोट घालून तोटीची मान पकडायची आणि बाहेर ओढायची, मानेवरची खाच पुठ्ठ्याच्या कडेत बसेपर्यंत. खाच बसली की तोटी हलत नाही. मगच सील तोडायचं. घाईघाईत सील आधी तोडून तोटी अर्धवट बाहेर ठेवली की ती प्रत्येक पेल्याला आत सरकते, थेंब पुठ्ठ्यात मुरतात, तळ ओला होतो आणि एक दिवस पिशवी तळातून खाली येते. बॉक्स फ्रिजच्या जाळीवर नको, ताटात ठेवा.

धार बारीक झाली म्हणजे वाइन संपली असं नाही. पुठ्ठा फाडा, पिशवी बाहेर काढा, तोटी खाली धरून वरून हाताने सरकवत या. ३ लिटरच्या बॉक्समध्ये दोन पेले तरी अडकलेले असतात.

“स्वस्त मिळाली, दोन वर्षांनी उघडू” हा तर विनोदच. पिशवीचं प्लास्टिक आणि तोटी थोडा थोडा प्राणवायू आत सोडत राहतात, त्यामुळे न फोडलेला बॉक्ससुद्धा भरल्यापासून सहा महिने ते वर्षभरच चांगला. युरोपात १० टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असलेल्या पेयांवर ‘अमुक तारखेआधी वापरा’ छापायची सक्ती नाही, म्हणून ती तारीख शोधून सापडत नाही. ‘फेचा दे एन्वासादो’, म्हणजे भरल्याची तारीख, छापलेली असेल तर बघा. नसेल तर धूळ बघा. ज्या दुकानात खोकी भराभर उठतात तिथूनच घ्या; पर्यटकांच्या गल्लीतल्या, उन्हाच्या काचेमागे मांडलेल्या दुकानातून नको.

पुढचं चित्र बघून उचलणं

खोक्यावर द्राक्षाचा घड आहे म्हणजे आत वाइन आहे, हे गृहीत धरू नका. एकाच फळीवर चार निरनिराळ्या गोष्टी असतात. ‘मोस्तो’ हा द्राक्षाचा रस, बिनअल्कोहोलचा. लहान मुलांना चांगला. ‘सांग्रिया’ म्हणजे वाइनमध्ये फळांचे अर्क, साखर आणि पाणी. युरोपीय नियमांनुसार नुसतं सांग्रिया हे नाव फक्त स्पेन आणि पोर्तुगालच्या मालाला लावता येतं आणि अल्कोहोल ४.५ टक्क्यांपासून १२ टक्क्यांच्या आत असतं. ‘तिंतो दे वेरानो’ म्हणजे तांबडी वाइन आणि सोडा आधीच मिसळलेला. आणि ‘पारा कोसिनार’ लिहिलेली छोटी ब्रिकं स्वयंपाकासाठी असतात, कधी कधी मीठ घातलेली. ही शेवटची पेल्यात ओतून तोंड वाकडं करणारे दर उन्हाळ्यात भेटतात.

खोकं उलटं करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. ‘बिनो’ (vino) हा शब्द आणि अल्कोहोल ११ ते १४ टक्के असेल तर ती वाइन. ‘सेको’ म्हणजे कोरडी, ‘सेमिदुल्से’ आणि बहुतेक वेळा ‘आफ्रुतादो’ म्हणजे गोडसर. पहिल्यांदा पिणारे हमखास कोरडी उचलतात आणि आंबट म्हणून नाक मुरडतात. त्यांनी थंड केलेली गोडसर पांढरी घ्यावी आणि गप्प बसावं.

द्राक्षाचं आणि प्रदेशाचं नाव असलेलं खोकं निनावी खोक्यापेक्षा बरं. बोबाल म्हणजे उतिएल-रेकेनाकडची गडद तांबडी. मोनास्त्रेल म्हणजे खुमिया, येक्ला, आलिकान्ते. उन्हाळी, भरदार, मटणाबरोबर चालणारी. तेंप्रानियो ला मांचात सेन्सिबेल नावानेही भेटते. आयरेन ही ला मांचाची साधी पांढरी, फारसा वास नाही, पण थंडगार असली की तळलेल्या माशाबरोबर तक्रार नाही. ‘तिएर्रा दे कास्तिया’ (ला मांचाकडच्या वाइनवरचं प्रदेशाचं नाव) लिहिलेले बॉक्स बहुधा दिलेल्या पैशाला न्याय देतात. ‘क्रियान्सा’ खोक्यात शोधू नका, लाकडात मुरवलेल्या वाइनचा हा बाजार नव्हे.

भाव बघताना मोठा आकडा नाही, फळीच्या चिठ्ठीवरचा लिटरमागचा बारीक आकडा बघा. ‘मोठं ते स्वस्त’ दर वेळी खरं नसतं.

तांबडी गरमच प्यायची

“रेड वाइन रूम टेंपरेचरला” हे कुठल्या तरी थंड देशातलं वाक्य सेव्हियाच्या उन्हाळ्यात पाठ म्हणून दाखवतात. खोक्यातली तांबडी २८ अंशांवर नुसती दारूसारखी लागते. १४ ते १६ अंश ठेवा, म्हणजे फ्रिजमधून काढून थोड्या वेळाने. ३ लिटरचा बॉक्स गार व्हायला चार-पाच तास घेतो, तेव्हा सकाळीच आत ठेवा. फ्रीजरमध्ये कोंबू नका. तोटीची जोडणी तडकते आणि बर्फासकट सगळं खाली.

तरी चव नाही पटली तर स्पॅनिश लोकांचा उपाय करा. निम्मी तांबडी, निम्मा लिंबाचा गोड सोडा किंवा साधी ‘गासेओसा’, म्हणजे किंचित गोड सोडा, आणि भरपूर बर्फ. कोलात मिसळली की कालिमोचो. बास्क प्रदेशातल्या आल्गोर्ताच्या १९७२ सालच्या जत्रेत खराब निघालेली वाइन खपवायला हे मिश्रण निघालं, असं सांगतात. यासाठी बारा युरोंची बाटली फोडणाऱ्याला हात जोडावे.

घरी आणायचा हट्ट

एक जोडपं तीन लिटरचा बॉक्स घेतं. हिशोब असा: भारतात येताना कस्टम्सची माणशी दोन लिटर सूट, दोघांची मिळून चार, मग तीन तर आतच आले! मुंबईला उतरून हिरव्या मार्गिकेतून निघतात आणि अडवले जातात. कारण दोघांची सूट एकत्र करता येत नाही. भारतीय बॅगेज नियमांत प्रत्येक प्रवाशाची सूट त्याच्यापुरती, आणि ३ लिटरचा एकच बॉक्स कुणा एकाच्याच नावावर धरला जाणार. मग लाल मार्गिका, वरच्या लिटरवर शुल्क, पावती, आणि बाहेर ताटकळलेला टॅक्सीवाला. हे सगळं सहा-सात युरोंच्या मालासाठी.

त्याआधीचा गोंधळ वेगळाच. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर द्रव चालत नाही, म्हणजे बॉक्स सामानात. सामान आपटलं जातं, तोटीचं बटण दाबलं जातं, आणि ती साडी, ते शर्ट, सगळं जांभळं. विमानातल्या हवेच्या दाबाने पिशवी फुटते हा गैरसमज आहे. फुटते ती आपटल्याने.

आणायचीच असेल तर माणशी एक लिटरची दोन ब्रिकं. बरोबर दोन लिटर होतात, झाकणाखाली सील असतं, काच नाही, वजन जेमतेम दोन किलो. प्रत्येक ब्रिक दुहेरी प्लास्टिक पिशवीत, कपड्यांच्या मधोमध. पण खरं सांगायचं तर सूट वापरायची तर तिथल्या आठ युरोंच्या बाटलीवर वापरा. खोकं तिथेच संपवा.

बारीकसारीक

शाकाहारी लोकांसाठी: वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसिन, जिलेटिन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात, आणि ते सगळंच लेबलवर येत नाही. ‘वेगानो’ लिहिलेलं किंवा हिरव्या व्हीचं चिन्ह असलेलं घ्या.

रात्री उशिरा दुकान गाठू नका. माद्रिदमध्ये रात्री १० ते सकाळी ८ दुकानातून दारू विकत नाहीत, कातालोनियात ११ ते ८. मेर्कादोना बहुतेक ठिकाणी रविवारी बंद. आणि माद्रिद-बार्सिलोनात रस्त्यावर बसून पिण्याला दंड आहे.

गावाकडच्या बोदेगात, म्हणजे वाइन बनवतात तिथे, ‘आ ग्रानेल’ सुटी वाइन कॅनमध्ये भरून देतात. लिटरमागे भाव खोक्याच्याही खाली असू शकतो. कॅन स्वच्छ, वास नसलेला, गळ्यापर्यंत भरलेला हवा, आणि ही वाइन त्याच आठवड्यात संपवायची. पाच लिटर घेण्याआधी तिथेच एक घोट मागा. ते आनंदाने देतात.