करपा पानात शिरतो कसा: जनुकांचं काम एका रात्रीत पाहायचं तर

इगतपुरीकडच्या आमच्या भातखाचरांत करपा दर पावसाळ्यात यायचा. पानांवर होडीच्या आकाराचे ठिपके, मध्ये राखी, कडेला तपकिरी. लोंबी निसवली की तिच्या मानेचं पेर काळं पडायचं आणि ती तिथेच मोडायची. वडील म्हणायचे, 'मानमोडी आली.' पुढे वनस्पती रोगशास्त्र शिकताना मी हा रोग करणाऱ्या बुरशीची, मॅग्नापोर्थे ओरायझीची, जनुकं पाठ केली. ती कळली मात्र मायक्रोस्कोपपाशी एक रात्र जागल्यावर. म्हणून एम.एस्सी.च्या मुलांना मी आधी ती रात्र जागायला सांगते. प्रश्न एकच ठेवायचा: अमुक जनुक नसेल तर बुरशी कुठे अडते?

ठिपके असलेल्या पानाचे तुकडे ओल्या टिपकागदावर रात्रभर झाकून ठेवा. सकाळी ठिपक्यांवर बीजाणू दिसतील. त्यातला एकच उचला आणि ओटमील अगारवर, म्हणजे ओटच्या थिजवलेल्या माध्यमावर, उजेडात, दहा-बारा दिवस वाढवा. मग डिस्टिल्ड पाणी घालून कॉलनी हलकेच खरवडा, मलमलीतून गाळा आणि हिमोसायटोमीटरवर, म्हणजे मोजणीच्या चौकटी कोरलेल्या काचेवर, मोजा. मिलिलिटरला १ लाख बीजाणू पुरे. फार दाट झाले तर ते एकमेकांनाच रोखतात. माध्यमाचा अंश पाण्यात राहू देऊ नका. आयतं अन्न मिळालं तर बुरशी पान फोडायच्या तयारीला लागत नाही.

थेंब ठेवायचे ते प्लास्टिकच्या कव्हरस्लिपवर. पहिल्या वेळी मी काचेवर ठेवले. अंकुरनळ्या नुसत्या लांबत गेल्या, आणि पंधरा दिवस मी माझ्या आयसोलेटवरच, म्हणजे पानातून वेगळ्या काढलेल्या बुरशीवरच, संशय घेत बसले. भाताचं पान मेणचट असतं, पाणी झटकून टाकतं. बुरशी असाच कडक, पाणी न धरणारा पृष्ठभाग ओळखते आणि त्यात तिला एमपीजी१ जनुकापासून बनणाऱ्या हायड्रोफोबिन प्रथिनाची मदत होते. काचेवरच्या थेंबात १० मिलिमोलर सीएएमपी मिसळून पाहा: आता काचेवरही ॲप्रेसोरियम, म्हणजे पान फोडणारा तो घुमटासारखा अवयव, तयार होतो. एरवी पेशीच्या आत उमटणारा निरोप आपण बाहेरून दिला. हा प्रयोग कुणीही टाळू नये.

कव्हरस्लिप ओला टिश्यू घातलेल्या डबीत २५ अंशांना ठेवा आणि घड्याळ लावून बघत राहा. दोन तासांत तीन पेशींच्या बीजाणूतून नळी निघते. चार ते सहा तासांत तिचं टोक वाकतं, फुगू लागतं. पीएमके१ हे जनुक काढलेला म्युटंट, म्हणजे जनुकात बदल केलेली बुरशी, इथेच अडतो: टोक वाकतं, पण ॲप्रेसोरियम होत नाही. जिन-रॉंग शू आणि जॉन हॅमर यांनी हे १९९६ मध्ये दाखवलं.

पुढचे तास मला सगळ्यांत मोलाचे वाटतात. ॲप्रेसोरियमच्या भिंतीत मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य भरतं, ते काळं पडतं. आत ग्लिसरॉल साठतं, मेलॅनिनमुळे ते झिरपून जात नाही, बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, आणि दाब ८ मेगापास्कलपर्यंत चढतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या हे जवळपास ४० पट. तिकडे बीजाणू स्वतःलाच पचवून रिकामा होतो. यासाठी लागणारं एटीजी८ जनुक काढलं तर तो तसा मरत नाही, आणि मग बुरशीला पानातही शिरता येत नाही.

कांद्याच्या पापुद्र्यावर तेच थेंब ठेवा. दीड दिवसात पेशींच्या आत बुरशीचे धागे दिसतात. दुसऱ्या थेंबात थोडं ट्रायसायक्लॅझोल, हे करप्यावरचं बुरशीनाशक, मिसळा. बीयूएफ१ जनुकापासून बनणारं, मेलॅनिनसाठी लागणारं एन्झाइम ते रोखतं. ॲप्रेसोरियम होतं, पण फिकट राहतं आणि बाहेरच अडकतं. आमच्या शेतात ठिपके पानभर झाल्यावर फवारणी व्हायची आणि वडील औषधाला दोष द्यायचे. या औषधाचा जोर बुरशी आत शिरण्याआधी चालतो, हे त्यांना पापुद्रा दाखवूनच पटवता आलं असतं.

म्युटंट फक्त जैवसुरक्षा परवानगी असलेल्या प्रयोगशाळेतच हाताळा आणि प्रत्येक थाळी ऑटोक्लेव्ह करूनच, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करूनच, टाका. जनुक काढल्यावर दोष दिसला एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. तेच जनुक परत घातल्यावर दोष नाहीसा झाला पाहिजे. माझ्याकडे याशिवाय कुणाचाही निकाल वहीत चढत नाही.

शेवटी पानाला सुईने ओरखडा काढून त्यावर बीजाणू सोडा. मेलॅनिन न बनवणारा, एएलबी१ नसलेला पांढरा म्युटंट जखमेतून आत जातो आणि रोग करतो. त्याचं फक्त दार फोडायचं अडलेलं असतं. पीएमके१ नसलेला जखमेतूनही रोग करत नाही. एका पेशीतून शेजारच्या पेशीत जायलाही बुरशीला हेच जनुक लागतं, असं २०१८ मध्ये कळलं. म्हणून दोन्ही म्युटंट एकाच पानावर, शेजारी शेजारी लावा.