डिझाइन फर्म निवडताना हक्कांचे आधी ठरवा
मसाल्याच्या पाकिटासाठी डिझाइन फर्म निवडताना तिची जुनी कामे केवळ पडद्यावर पाहू नका. छापून आलेले ५० ग्रॅमचे पाकीट हातात घेऊन घटकांची बारीक अक्षरे सहज वाचता येतात का, ते तपासा. दरापेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो हक्कांचा मुद्दा. पैसे चुकते केले म्हणजे बोधचिन्ह आपले झाले, असे आपण धरून चालतो. परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते आणि त्यात मुदत नमूद नसेल, तर ते ५ वर्षांपुरतेच धरले जाते. म्हणून मुदतीचा स्पष्ट उल्लेख करून घ्या. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधील मूळ फाइलही मागा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली जेपीजी दुकानाच्या पाटीएवढी मोठी केली की अक्षरांच्या कडा फुटतात.