मर्यादित आवृत्तीचे मुद्राचित्र कसे पारखावे

‘मर्यादित आवृत्ती’ या एकाच नावाखाली बाजारात दोन अगदी भिन्न वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे चित्रकाराने धातूचा पत्रा, लाकूड किंवा शिळा यांवर काम करून काढलेले मुद्राचित्र. दुसरी म्हणजे आधीच रंगवलेल्या चित्राचे छायाचित्र घेऊन केलेली छपाई, जिच्यावर चित्रकार नंतर फक्त सही करतो. दोहोंच्या तळाशी पेन्सिलीने 12/50 असे लिहिलेले असते, आणि नवा संग्राहक बहुधा इथेच फसतो.

म्हणून पहिली खरेदी करण्याआधी दहापट मोठे दाखवणारे एक भिंग घ्यावे. निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे मांडलेले दिसले, तर ती ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची व्यापारी छपाई आहे, मग सही कोणाचीही असो. एचिंगमध्ये, म्हणजे पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून काढलेल्या मुद्राचित्रात, शाईची रेषा कागदावर किंचित उचललेली असते आणि पत्र्याच्या कडांचा दाब चित्राभोवती उमटतो. मात्र हा दाब खोटाही उमटवता येतो, त्यामुळे तेवढ्यावरून निर्णय करू नये. सेरीग्राफमध्ये, म्हणजे जाळीच्या पडद्यातून रंग दाबून केलेल्या छपाईत, रंगाचे सलग, सपाट थर दिसतात. हुसेन आणि रझा यांचे अनेक सेरीग्राफ त्यांच्या रंगचित्रांवरून काढलेले आहेत. ते घेण्यात कमीपणा नाही, पण त्यांना एचिंगच्या तोलाची किंमत देऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

माध्यम समजून घेतल्याशिवाय मोल कळत नाही. मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डी पत्र्याला वेगवेगळ्या खोलीचे उठाव देत आणि कमी-अधिक दाट शाया मऊ व कडक रोलरने त्यावर चढवून सगळे रंग एकाच दाबात कागदावर उतरवत. त्यामुळे एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींतही सूक्ष्म फरक आढळतो. शक्य असेल तर प्रती शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात.

आकड्याचा अर्थ मर्यादित आहे. 12/50 म्हणजे पन्नासांपैकी बारावी प्रत, पण ती छपाईच्या क्रमाने बारावीच असते असे नाही. ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे पत्र्यावर सुईने थेट ओरखडून रेषा काढण्याच्या पद्धतीत, रेषेकाठचा धातूचा कंगोरा दर दाबासरशी झिजतो, म्हणून तिथे आधी निघालेल्या प्रती अधिक गडद आणि मखमली येतात. इतर माध्यमांत केवळ लहान आकड्यासाठी जादा पैसे देण्याचे कारण नसते. ‘ए/पी’ अशी खूण असलेल्या, चित्रकाराने स्वतःसाठी राखलेल्या प्रती पन्नासांत धरलेल्या नसतात, म्हणून त्या किती काढल्या हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. नुसत्या सहीवरही विसंबू नये: साल्वादोर दालींनी कोऱ्या कागदांवर आधीच सह्या करून ठेवल्यामुळे त्यांच्या उत्तरकालीन मुद्राचित्रांवरचा बाजाराचा विश्वास उडाला.

किंमत ठरवताना त्याच चित्राच्या, त्याच आवृत्तीच्या लिलावातील विक्रीशी तुलना करावी. चित्रकाराच्या रंगचित्रांच्या कोटींच्या आकड्यांशी नव्हे. जाहीर झालेल्या किमतीत लिलावगृहाचे शुल्क धरलेले आहे का, हेही पाहावे. संच फुटलेला असल्यास मोल घटते. झरिना हाश्मी यांच्या ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ (1999) या मालिकेत 36 वुडकट, म्हणजे लाकडी ठशावरून काढलेली मुद्राचित्रे, आहेत. त्यातले एक सुटे पान आणि पूर्ण संच यांची गणिते वेगळी.

यानंतर प्रत चौकटीबाहेर काढून पाहण्याचा आग्रह धरावा. कापलेला समास, मागे लावलेला गोंद, उन्हाने पिवळा पडलेला कागद आणि बुरशीचे तपकिरी डाग यांपैकी प्रत्येक दोष किंमत उतरवतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी झपाट्याने धरते, म्हणून चित्राभोवती आम्लरहित माउंट (पुठ्ठ्याची चौकट) वापरावा, काच चित्राला टेकू देऊ नये आणि बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नये.

पावतीवर चित्रकाराचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, कागदाचा आकार, प्रतीचा क्रमांक आणि एकूण आवृत्ती एवढे सगळे लिहून घ्यावे. विक्रेता माध्यमाच्या जागी नुसते ‘प्रिंट’ लिहीत असेल, तर पैसे देण्याआधी तिथे नेमका शब्द घालून घ्यावा.