तापाचा प्रोग्रॅम लिहिताय? या जुन्या चुका टाळा

फोंड्यात इंजिनिअरिंगच्या मुलांना प्रोजेक्टसाठी मदत करतो. रोग ओळखणारा 'एक्स्पर्ट सिस्टिम' प्रोग्रॅम, म्हणजे तज्ज्ञाच्या ज्ञानावरून सल्ला देणारा प्रोग्रॅम, दरवर्षी एक तरी असतोच. मला मनापासून आवडतात हे प्रोजेक्ट, म्हणूनच जुन्या ठेचा पुन्हा लागताना पाहवत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे उत्तर बरोबर आलं की काम संपलं असं धरून चालणं. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये एडवर्ड शॉर्टलिफ यांनी 'मायसिन' उभा केला. रक्तातल्या जंतुसंसर्गावर आणि मेनिंजायटिसवर (मेंदूच्या आवरणाच्या सुजेवर) कोणतं अँटिबायोटिक द्यावं, हे तो काहीशे 'जर-तर' नियमांवरून सांगायचा. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मेनिंजायटिसच्या १० रुग्णांबाबत, त्याची शिफारस परीक्षकांना ६५ टक्के वेळा पटली. त्याच रुग्णांसाठी तिथल्या प्राध्यापकांनी दिलेल्या शिफारशीही तपासल्या गेल्या, पण त्यांच्यापैकी एकही मायसिनच्या पुढे गेला नाही. तरीही मायसिन वॉर्डात कधी वापरला गेला नाही. टर्मिनलपुढे बसून एकेका प्रश्नाचं उत्तर टाइप करायला कुठल्या डॉक्टरला सवड असते? याउलट त्याच घराण्यातला 'पफ' सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयात रुळला. फुफ्फुसाच्या चाचणीचे आकडे घेऊन तो अहवालाचा मसुदा काढायचा, डॉक्टर वाचून सही करायचे. तेव्हा प्रोग्रॅम कोणाच्या टेबलावर, कोणत्या क्षणी उघडणार, हे कोड लिहिण्याआधी ठरवा.

उत्तर चुकतंय? नियम बदलण्याआधी प्रश्न तपासा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने माकडतापासाठी नियम लिहिला होता: 'ताप आणि जंगलात वावर'. हा आजार गोचिडीमुळे पसरतो, तेव्हा नियम योग्यच. तिने आजीला रुग्ण समजून विचारलं, "जंगलात गेली होतीस का?" आजी म्हणाली, "रानात कशाला जाऊ? काजू गोळा करायला गेले होते." प्रोग्रॅमने 'नाही' नोंदवलं आणि माकडताप यादीतून गेला! काजूचा हंगाम आणि माकडतापाचे दिवस साधारण एकच. आम्ही प्रश्न बदलला: "गेल्या पंधरा दिवसांत काजू, लाकडं किंवा गुरांसाठी डोंगरावर गेला होता का?"

रिपोर्टात हमखास आढळणारी एक चूक: इंग्लंडमधल्या लीड्सचा, पोटदुखीचं कारण ओळखणारा प्रोग्रॅम मायसिनसारखाच मानणं. द डोम्बाल यांचा तो प्रोग्रॅम नियमांवर नव्हे, रुग्णांच्या नोंदींतून काढलेल्या संभाव्यतांवर चालायचा. कोपनहेगनला नेल्यावर त्याची अचूकता घसरली. परगावचे आकडे म्हापशाच्या ओपीडीला जसेच्या तसे लावू नका.

आणि सगळं ज्ञान एकाच तज्ज्ञाकडून घेऊ नका. पिट्सबर्गच्या 'इंटर्निस्ट' या रोग ओळखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सुमारे ५०० आजार होते, पण त्यामागचा अनुभव मुख्यतः जॅक मायर्स या एकाच डॉक्टरांचा. असं ज्ञान ताजं ठेवणं फार जड जातं. प्रत्येक नियमापुढे तो कोणी सांगितला आणि कधी, हे लिहून ठेवा. मायसिनला "का?" विचारलं की तो आपला नियम दाखवायचा, तुमच्या प्रोग्रॅमने नियमासोबत ही नोंदही दाखवावी.