पहिल्या फळांची टोपली घेऊन जेरुसलेमला निघताना

तयारीची सुरुवात शेतातच होते. अंजिराला रंग चढला, द्राक्षाचा पहिला घोस भरला, की त्याला लव्हाळ्याची काडी बांधायची आणि म्हणायचं, 'हे बिक्कुरिम,' म्हणजे देवाला वाहायचं पहिलं फळ. झालं, ते फळ आता घरच्या पोरांचं नाही. सन 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं, तोवर यहुदी शेतकऱ्यांची ही रीत होती. सन 200 च्या सुमाराच्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात ती बारकाईने नोंदलेली आहे.

पिकं सातच चालतात: गहू, जव, द्राक्षं, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह, खजूर. जवळच्यांनी ताजी अंजिरं-द्राक्षं न्यावीत, लांबच्यांनी सुकी अंजिरं आणि मनुका. टोपली भरताना तळाला जव, त्यावर गहू, मग ऑलिव्ह, खजूर, डाळिंब आणि सगळ्यात वर अंजीर. थरांमध्ये पानं घालायची, द्राक्षांचे घोस बाहेरून लोंबते ठेवायचे. (अंजीर वर का, हे पिकलेलं अंजीर एकदा पिशवीच्या तळाशी घातलेल्याला सांगायला नको.)

शावुओत (मे-जूनमधला सण) ते सुक्कोत (सप्टेंबर-ऑक्टोबरमधला सण) या काळात पोहोचा. पुढे हनुक्का या हिवाळ्यातल्या सणापर्यंत फळं घेतली जातात, पण फळं देताना म्हणायचा ठरलेला पाठ म्हणता येत नाही, आणि माझ्या मते पाठाविना ही यात्रा अर्धीच.

एकट्याने निघू नका. आदल्या दिवशी विभागाच्या गावी जमायचं आणि चौकातच झोपायचं. कुणाच्या घरात शिरायचं नाही, मृताच्या विटाळाची धास्ती असते. पहाटे प्रमुख हाक देतो, 'उठा, सियोनला (म्हणजे जेरुसलेमला) चढून जाऊ.' पुढे बैल चालतो, शिंगांना सोन्याचा मुलामा, डोक्यावर ऑलिव्हचा मुकुट. बासरी थांबू द्यायची नाही. वाटेत बायबलमधलं 122 वं स्तोत्र, मंदिराच्या टेकडीवर 150 वं. शहरात कारागीर हातातलं काम सोडून उभे राहतात आणि गावाचं नाव घेऊन विचारपूस करतात. टेकडीपाशी टोपली स्वतःच्या खांद्यावर घ्यायची. यहुद्यांचा राजा अग्रिप्पासुद्धा घेई. मंदिराच्या अंगणात पाऊल पडलं की लेवी, म्हणजे मंदिराचे गायक-सेवक, 30 वं स्तोत्र सुरू करतात.

आता पाठ. 'माझा पूर्वज भटका अरामी होता' इथून सुरुवात. लगेच वाक्य 'आमच्या'वर येतं, मिसऱ्यांनी (इजिप्तच्या लोकांनी) आम्हाला छळलं, देवाने आम्हाला सोडवलं, आणि शेवटी पुन्हा 'मी' ही फळं आणली आहेत. एका माणसाच्या टोपलीत सगळ्या लोकांची गोष्ट मावते ती अशी. म्हणून अर्थ घरूनच समजून घ्या. शब्दांचा धसका मात्र नको. पाठ हिब्रूतच म्हणावा लागतो, आणि अनेकांची रोजची बोली अरामी. पूर्वी ज्याला येई तो आपला आपण म्हणे, न येणाऱ्याला एकेक शब्द पुढून सांगावा लागे. मग न येणारे लाजून यायचेच बंद झाले. तेव्हा ठरलं, येवो न येवो, सगळ्यांनाच पुढून सांगायचं. मला या साऱ्या थाटात हा नियम सर्वात आवडतो.

टोपलीचं मात्र तसं नाही. श्रीमंतांच्या सोन्याचांदीच्या टोपल्या परत मिळतात, गरिबाची सोललेल्या वाळुंजाची टोपली फळांसकट याजकाकडे जाते, असं तालमुद, म्हणजे मिश्नावरचा नंतरचा चर्चाग्रंथ, सांगतो. तेव्हा परतीचं सामान बांधायला एखादं फडकं जवळ ठेवा. रात्र जेरुसलेममध्येच काढायची असते, गावाची वाट सकाळी.