न्यू जर्सीत घर घेण्यापूर्वी ‘ओप्रा’ अर्ज कसा करावा

न्यू जर्सीत जुने घर विकत घेताना दोन शंका हमखास येतात: बेसमेंटमधले बाथरूम परवाना काढून बांधले आहे का, आणि अंगणाखाली हीटिंग ऑइलची जुनी टाकी पुरलेली तर नाही ना. दोन्हींचा माग नगरपालिकेच्या दप्तरात लागू शकतो, आणि ते दप्तर मागवण्याचा हक्क २००२ पासून अमलात असलेल्या ‘ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट’ने, म्हणजे बोलण्यातल्या ‘ओप्रा’ने, दिला आहे.

अर्ज ज्या कार्यालयाकडे कागद आहे, त्याच्या ‘कस्टोडियन’कडे, म्हणजे दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, करावा लागतो, नगरपालिकेत हे काम म्युनिसिपल क्लर्क पाहतात, तर काउंटी, शाळामंडळ आणि राज्याची खाती यांचे कस्टोडियन वेगळे असतात. खरी मेख मजकुरात आहे. माहिती अधिकाराच्या अर्जात प्रश्नांची जंत्री धाडण्याची आपली सवय इथे उपयोगी पडत नाही, कारण कस्टोडियनने अस्तित्वात असलेला कागद द्यायचा असतो. तुमच्यासाठी संशोधन करण्याचे किंवा नवी माहिती तयार करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. ‘या घरात काही बेकायदा बांधकाम झाले आहे का?’ असे विचारण्याऐवजी पत्ता आणि करनकाशावरचे ब्लॉक व लॉट क्रमांक देऊन ‘१९९० पासून आजपर्यंतचे सर्व बांधकाम परवाने, अंतिम तपासणीचे दाखले आणि तेलटाकी काढल्याची वा बुजवल्याची कागदपत्रे’ असे लिहावे. ईमेल हवे असतील, तर पाठवणारा किंवा घेणारा, विषय आणि कालावधी नेमका सांगावा.

उत्तराची मुदत साधारणपणे कामकाजाचे सात दिवस असते, मात्र कार्यालय कारण देऊन ती वाढवून मागू शकते. अंदाजपत्रक, बिले, करार आणि कर्मचाऱ्यांचे पगार हे कागद सहसा ताबडतोब पाहायला मिळतात. छापील प्रतीला लेटर आकाराच्या पानामागे ५ सेंट आणि लीगल आकाराच्या पानामागे ७ सेंट पडतात. ईमेलने प्रत मागितली तर हा पानांचा खर्च वाचतो. सोशल सिक्युरिटी क्रमांकासारखा खासगी तपशील मात्र काळा करूनच कागद हाती येतो.

सगळेच कागद या वाटेने मिळत नाहीत. घराचे खरेदीखत काउंटी क्लर्ककडे नोंदलेले असते आणि ते तिथे थेट पाहता येते, न्यायालयांना त्यांचे स्वतःचे नियम आहेत, आणि इमिग्रेशनची फाइल संघीय सरकारची असल्याने तिच्यासाठी ‘फोइया’चा, म्हणजे संघीय माहिती अधिकार कायद्याचा, वेगळा अर्ज लागतो.

नकार देताना कारण सांगावे लागते, आणि मुदतीत उत्तरच न देणे हाही कायद्याने नकारच ठरतो. अशा वेळी ‘ओप्रा’च्या तक्रारी ऐकणाऱ्या गव्हर्न्मेंट रेकॉर्ड्स कौन्सिल या राज्याच्या संस्थेकडे विनाशुल्क तक्रार करता येते, किंवा ४५ दिवसांत सुपीरिअर कोर्टात जाता येते. पूर्वी कोर्टात जिंकलेल्या अर्जदाराला वकिलाचा खर्च हक्काने मिळत असे. २०२४ च्या दुरुस्तीने ही हमी बरीच पातळ केली, त्यामुळे सामान्य अर्जदाराने, निकाल रेंगाळला तरी, आधी कौन्सिलचाच दरवाजा ठोठावावा असे मला वाटते.

‘अशी नोंद आढळली नाही’ या उत्तराचा अर्थ टाकी नाही असा होत नाही, कारण कित्येक टाक्यांची नोंद कधी झालेलीच नसते. म्हणून ते उत्तर आले तरी खरेदी करारातल्या घर-तपासणीच्या (इन्स्पेक्शनच्या) मुदतीतच यंत्राने जमीन तपासून घ्यावी.